वहीत लिहून ठेवलेलं नाव आता का आवडत नाही?

आधी प्रश्न सांगते. विचारणारी मुलगी एकतीस वर्षांची आहे (म्हणजे माझ्या लेखी मुलगीच). कॉलेजात असताना तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं, मुलगी झाली तर अनुष्का. आता खरंच मुलगी झालीये, बारसं येत्या रविवारी, आणि अनुष्का म्हटलं की तिला काहीच वाटत नाही, उलट कंटाळाच येतो. तिला आता आजीचं नाव ठेवावंसं वाटतंय, इंदू. नवऱ्याला मायरा हवंय, सासूबाई म्हणतात इंदू काय, म्हातारीचं नाव, आणि नणंदेने व्हॉट्सॲपवर चाळीस नावांची लिस्ट टाकलीये. ती विचारते, माझी आवड अशी पलटते तर तिच्यावर भरवसा कसा ठेवू, दहा वर्षांनी इंदूचाही कंटाळा आला तर?

मी ज्योतिषी नाही, भाषेची प्राध्यापक पण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होते, १९८३ ते २०१९, पहिली तेरा वर्षं पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात आणि नंतर कोल्हापूरजवळच्या एका मोठ्या गावात. ३६ वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली, म्हणजे नावं मोठ्याने म्हणणं हाच धंदा. एखादं नाव वर्गात पहिल्यांदा येतं तेव्हा जीभ अडखळते, पाच वर्षांनी ते तीन-तीन पोरींचं असतं, आणि अजून वीस वर्षं गेली की त्याच नावाची बाई पोराचं बोट धरून दाखल करायला दारात उभी असते. हे मी खुर्चीवर बसून बघितलंय, तेवढ्याच अधिकाराने सांगते.

नावाला वय असतं गं. नाव घेतल्यावर डोळ्यासमोर कोण येतं त्यावर ते ठरतं. तू वीस वर्षांची होतीस तेव्हा अनुष्का म्हटलं की समोर कुणीच नव्हतं, फार तर पडद्यावरची एखादी. आता अनुष्का म्हटलं की मैत्रिणीची पुतणी, शेजारच्या बिल्डिंगमधली क्लासला जाणारी, अशा सगळ्या दिसतात. रिकामं घर तुला आवडलं होतं आणि आता त्यात बिऱ्हाडं आली. आणि ती आली कशी, तर तुझ्याच वयाच्या हजारो मुलींनी त्याच सुमारास आपापल्या वहीत तेच लिहिलं होतं, त्यातल्या ज्यांची लग्नं आणि मुलं आधी झाली त्यांनी ते वापरून टाकलं. आपली आवड आपल्या एकटीची असते असं आपल्याला फार वाटतं. माझ्या वर्गात एका वर्षी चार आर्या होत्या, आणि चौघींच्या आया मला वेगवेगळ्या दिवशी भेटून म्हणाल्या होत्या, बाई आम्ही जरा वेगळं नाव ठेवलंय.

२०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा शाळाशाळांतली जुनी जनरल रजिस्टरं कपाटातनं बाहेर आली. माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला फोन केला, बाई तुम्हाला जुनी अक्षरं लागतात, दोन दिवस येऊन बसा. (मोडी मला येत नाही, त्याचे वाचक वेगळे होते, मी आपली बाळबोध पानं बघत होते.) काम जातीच्या रकान्याचं होतं पण माझा डोळा सारखा नावाच्या रकान्यावर. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यानंतरची पानं भरगच्च आहेत, पण त्या भरगच्च पानांवर नावं किती, तर मोजकीच. जोती, केदारी, दत्तू, मारुती, रामा, ज्ञानू, खंडू, भैरू, म्हसू, बिरू, पिराजी, तुकाराम. जोतिबाच्या डोंगराच्या टापूतलं गाव, म्हणून जोती आणि केदारी पानोपानी, एका पानावर मी सात जोती मोजले. जोती हे तेव्हा बाप्याचं नाव, जोतीराव फुल्यांचं होतं तसं, आणि त्याच शाळेत १९७० नंतर ज्योती नावाच्या मुली सुरू होतात, मुलगा एकही नाही. मुलींची पानं एकंदरीतच उशिरा आणि विरळ, आणि तिथे सगळ्या नद्या, गंगू, यमुना, गोदा, कृष्णा, भागीरथी.

यात आवड कुठे होती? नव्हतीच. पहिला नातू झाला की आजोबांचं नाव, नाहीतर कुळाच्या देवाचं. आणि आजोबांचं नाव ठेवलं की पंचाईत अशी की सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग पोराला हाक काय मारणार, तर बाळ, बापू, आबा, तात्या. पोरं जगत नसली की धोंडू, दगडू, केरबा, म्हणजे यमाला वाटावं हे टाकाऊच आहे, कशाला न्या. सलग मुली झाल्या की शेवटचीची नकुशा व्हायची. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची सरकारी कार्यक्रमात नावं बदलली, कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी वैशाली. वैशाली बघ. शहरात तेव्हा वैशाली हे चाळिशीच्या बायकांचं नाव झालं होतं, पण जिला जन्मभर नकुशा म्हणून हाक मारली तिच्या कानाला ते कोरं करकरीत. नावाचं वय ऐकणाऱ्याच्या कानात असतं म्हणते ते हे.

आणि खालच्या ठरवलेल्या जातींना तर आवड परवडतच नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहूनच ठेवलंय की शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं असावं. जुन्या रजिस्टरात त्याचा परिणाम दिसतो, एका वस्तीतली नावं ओळीने कचरू, धोंड्या, उकिर्ड्या. १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या पानांवर त्याच वस्तीतनं सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, आनंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा. बाबासाहेबांनी कॉलेजांना पण असलीच नावं दिली होती, मुंबईचं सिद्धार्थ, औरंगाबादचं मिलिंद. विचार करून, अर्थ बघून, इतिहास बघून नाव ठेवणं आपल्याकडे सगळ्यात मनापासून कुणी केलं असेल तर या घरांनी केलं असं माझं स्पष्ट मत आहे, बाकीचे आपण शेजारणीने काय ठेवलं ते बघून ठेवत होतो.

आता माझं पाप सांगते. १९८० च्या दशकात जून महिना आला की आम्ही पटनोंदणीला घरोघर फिरायचो. जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, जन्मतारीख विचारली तर भाताच्या सुगीत झाली एवढंच, मग आम्ही १ जून लिहून मोकळे. (पन्नाशी-साठीच्या एवढ्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो ती आम्हा मास्तर-बाईंची कृपा.) नावाचंही तसंच. आईने पारी सांगितलं की आम्ही पार्वती लिहायचो, गणप्या सांगितलं की गणपती. पण काही आया सरळ म्हणायच्या, बाई तुम्हीच घाला की एखादं चांगलं. आणि मी घालायचे! वय २३-२४, आणि माझ्या कानाला तेव्हा मनीषा, वैशाली, अर्चना, स्वाती याच्यापलीकडे सुंदर नाव जगात नव्हतं. एक हौसा होती. आजीचं नाव ठेवलेलं, आईची काही तक्रार नव्हती, मीच म्हटलं शाळेत पोरं हसतील, आणि मनीषा लिहून टाकलं.

त्या दोन दिवसांत १९८५ चं पान उघडलं तेव्हा माझं स्वतःचं अक्षर समोर आलं. मनीषा, वैशाली, अर्चना, मनीषा, स्वाती. ट्रंकेतनं फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज निघाला की कसं होतं, हा आपण घालून फिरत होतो? तसं झालं. आणि हौसा हे किती गोड नाव होतं, हौसेने झालेली मुलगी, ते मीच घालवलं. ती आता चाळिशी ओलांडून गेलीये, गावातच दिलीये, दुपारी शाळेबाहेर भेटली तेव्हा मी चाचरत विषय काढला तर हसायला लागली, म्हणाली बँकेत मनीषा नि घरात हौसा, दोन्ही माझंच की बाई. तिला काहीच वाटत नव्हतं, जे वाटत होतं ते मलाच. आणि प्रामाणिकपणे सांगते, १९८५ ला मला कुणी म्हटलं असतं की तुला एक दिवस मनीषापेक्षा हौसा आवडेल तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं स्वतःचं नाव घे. मंगळवारी झाले म्हणून मंगल. पंधरा-सोळाव्या वर्षी मला त्याची लाज वाटायची, वर्गात तीन मंगल, आणि मंगल म्हटलं की चापूनचोपून वेणी आणि डोक्याला खोबरेल. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने ‘स्मिता’ लिहिलं तेव्हा वरून मान खाली घातली होती पण आतून उड्या मारत होते. सेवापुस्तकात मात्र मंगलच राहिलं, त्यामुळे सासरी स्मिता आणि शाळेत मंगलबाई असं चाललं. आता स्मिता म्हणणारे एकेक करून गेले, सासूबाई गेल्या, थोरले दीर गेले, आणि फोनवर कुणी ‘मंगे’ म्हटलं की जीव कसा थंड होतो, कारण तशी हाक मारणारं माहेरचं आता एकच माणूस उरलंय. तीन अक्षरं तीच आहेत, खोबरेल तेलाचा वासही तोच येतो, पण आता तो वास हवाहवासा झालाय.

ताटातल्या तांदळावरून आठवलं. ती नावं म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याची, नाहीतर सासरच्यांची आवड. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि रमाबाई रानडे त्याही माहेरच्या यमुनाच, दोघींची लग्नं एकदीड वर्षाच्या अंतराने, १८७३-७४ च्या सुमाराला. म्हणजे यमुना तेव्हा किती कॉमन असेल बघ. एका यमुनेची आनंदी झाली, दुसरीची रमा. मधली शंभर वर्षं या नावांना कुणी फारसं विचारलं नसेल, आणि आज बारशाला जावं तर रमा आहे, आनंदी आहे, एकदम स्टायलिश. यमुनेचा नंबर अजून लागला नाही. लागेल. रेवा आलीच की, ती म्हणजे नर्मदाच.

आता सासूबाईंकडे येऊ, त्या साठीच्या असतील असं धरते, म्हणजे माझ्याच बरोबरीच्या. त्यांचं ऐकून तू चिडू नको, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. इंदू, विमल, कुसुम, सुशीला, शकुंतला, शालिनी, सुमन ही साधारण १९३० ते ५० मध्ये जन्मलेल्या बायकांची नावं. आमच्या पिढीला या बायका कोण होत्या? सासू, चुलत सासू, थोरली जाऊ, हेडमास्तरीणबाई. आमच्या पोळीला नावं ठेवणाऱ्या. म्हणजे तू इंदू म्हणतेस तेव्हा तुला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी दिसते, आणि त्यांना कदाचित स्वयंपाकघरातनं ‘झालं का गं’ म्हणून ओरडणारी ऐकू येते. एकच नाव, दोन बायका. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा विचारून बघ, आई, तुमच्या ओळखीची इंदू कोण होती? तासभर बोलतील, आणि त्यानंतर बहुतेक विरोध निम्मा होईल.

म्हणूनच नाव आजीकडून नातीकडे जातं, आईकडून लेकीकडे येत नाही. तुझ्या आईच्या वयाच्या संगीता, सुनीता, अनिता, कविता, वंदना घे, तू मुलीला यातलं एक तरी ठेवशील का? नाही ना. काय वाईट आहे सुनीतामध्ये, म्हणायला सोपं, अर्थ चांगला, कुठल्याही भाषेत चालतं. पण ती नावं सध्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलीत आणि सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग पाठवतायत, त्यांना बारशाला कोण बोलवणार. तुझी नात ठेवेल सुनीता, बघशील.

पण जुनं सगळंच परत येत नाही, अक्षरं पारखून येतं. सध्याची नावं ओळीने म्हणून बघ, मीरा, राधा, उमा, रमा, इरा, रेवा, आर्या, मायरा, कियारा. र, म, य आणि शेवटी आकार. जिभेला कुठे टेकायचं कामच नाही. ठकू, विठा, धोंडा गेल्याच, पण मंजुळा आणि कमळा सुद्धा गेल्या, आणि मंजुळा जाण्यासारखं काहीच नव्हतं त्यात, फक्त ळ आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ ला अक्षर नाही, पासपोर्टवर तिची मंजुला होते, पोर उद्या परदेशी गेलं तर काय, हा विचार पाळण्यातच सुरू होतो. मुलांच्या नावांना शेपूट काढून परत आणतात. रजिस्टरातला केदारी गेला आणि केदार आला, मल्हारी गेला आणि मल्हार आला. शिवाजी, संभाजी, तानाजी, शहाजी ही माझ्या पिढीतल्या शेतकरी घरांतली हुकमी नावं, त्यातला ‘जी’ गेला आणि शिवराज, शिवांश, शंभू, शौर्य आले, राजे तेच. (शहाजीराजांचं नाव शाह शरीफ या पिराला केलेल्या नवसावरून ठेवलं अशी परंपरा सांगते, हे ऐकून हल्ली काही लोक गोंधळतात.) इंदू या सगळ्यात जरा वेगळं आहे, उकारात संपतं, म्हणून हजेरीत उठून ऐकू येईल, हे मी शिक्षिका म्हणून सांगते, मागच्या बाकापर्यंत जाणारं नाव आहे.

मुस्लिम पोरींचंही मी असंच होताना बघितलं, मुमताज, शबाना, परवीन यांच्या मुली सानिया, आणि त्यांच्या मागून आलिया, झोया, इनाया. शेवटच्या काही वर्षांत मायरा, झोया, कियारा एका बाकावर बसलेल्या असायच्या आणि नावावरून कोण कुठल्या घरची ते मला कळायचं नाही, आणि ते मला आवडायचं. त्यामुळे नवऱ्याच्या मायराला नाक मुरडू नको. सिनेमा-सिरियलवरून, क्रिकेटवरून नाव ठेवलं की लोक हसतात, पण ते कुठून आलं हे एका पिढीत पुसलं जातं. गावसकरांनी १९७६ साली मुलाचं नाव रोहन ठेवलं ते वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून. १९९० च्या दशकात माझ्या वर्गात रोहनच रोहन, त्यांच्या एकाही आईबापाला कन्हाय माहीत नव्हता, छान मराठी नाव म्हणूनच ठेवलेलं. तेंडुलकरांचा सचिन सचिनदेव बर्मनवरून आला. लता मंगेशकरांचं आधीचं नाव हेमा, ते नाटकातल्या लतिकेवरून लता झालं, आणि आज लता म्हटलं की नाटक कुणाला आठवतं? मायराचा एकच तोटा मला दिसतो, तो म्हणजे तुझ्या मुलीच्या वर्गात ती एकटी नसणार, मायरा पी. आणि मायरा एस. अशी हाक लागणार. काही मुलांना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना फार लागतं. आमच्या वर्गात दोन स्नेहल होते, एक मुलगा एक मुलगी, त्या पोराने चौथीपर्यंत काय सोसलं ते मला माहीत आहे.

अर्थाच्या याद्यांवर मात्र विश्वास ठेवू नको. नणंदेच्या लिस्टमध्ये प्रत्येक तिसऱ्या नावासमोर ‘देवीचं एक नाव’ किंवा ‘विष्णूचा अंश’ लिहिलेलं असणार. रेयांशमधला अंश संस्कृत आहे, आधीचा ‘रे’ कुठनं आला ते यादीवालाच जाणे. कुणी नक्षत्राचं अक्षर काढून आणलं असेल तर तेही एवढं मनावर घेऊ नको. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, १०८ अक्षरं, आणि त्यात आर्द्राला ङ येतो, हस्ताला ण येतो, उत्तराभाद्रपदाला ञ येतो. ङ वरून कुणी नाव ठेवून दाखवावं, मी जाऊन सोन्याचं वळं घालीन. जन्मनाव वेगळं आणि व्यवहाराचं वेगळं ही सोय लोकांनी उगाच नाही केली.

आता कामाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते पण नाव त्याच दिवशी घातलं पाहिजे असं नाही, एका वर्षाच्या आत फी न भरता घालता येतं आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण लांबवू नको, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्माचा दाखलाच धरतात, म्हणजे माझ्यासारखी आगाऊ बाई आता हौसाची मनीषा करू शकत नाही, आणि तुम्हालाही शाळेच्या दारात विचार बदलता येत नाही. नंतर बदलायचं तर राजपत्र आणि मग एकेका कागदामागे फिरणं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावाचा क्रम ठरवून दिलाय, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा नुसतं इंदू म्हणून बघू नको, इंदू, त्यापुढे तुझं नाव, त्यापुढे त्याचं, मग आडनाव असं एका दमात म्हणून बघ. कुठे अडखळतेस ते लगेच कळेल.

दुसरं, रागाने हाक मारून बघ. मराठीत कुठलंही नाव सरळ राहत नाही, गणेशचा गण्या होतो, मनीषाची मनी, आणि इंदूची ‘इंदे’ होणार, मायराची ‘मायरे’. दूध सांडलंय, तू वैतागलीयेस, ‘इंदे, काय केलंस हे’, असं दोन-तीनदा म्हण, नवऱ्यालाही म्हणायला लाव. जे नाव रागातसुद्धा तोंडात बरं वाटतं ते टिकतं. स्पेलिंग एकच आणि सरळ ठेव, ज्यादाचा ए किंवा एच घालून नंबर लागत नाही कशात, फक्त प्रत्येक फॉर्मवर तिला आयुष्यभर सांगत बसावं लागतं.

राहिला पस्ताव्याचा प्रश्न. ३६ वर्षांच्या पालकसभांमध्ये नावाचा पस्तावा मी फार तर पाच-सहा वेळा ऐकला असेन, आणि त्यातला एकही नाव जुनं वाटतं म्हणून नव्हता. दोन-तीन स्पेलिंगचे, एक दुसऱ्या कुणाच्या हट्टाने ठेवलेल्या नावाचा (त्या आईने पोराला कधीच त्या नावाने हाक मारली नाही, ‘बाळा’च म्हणायची, तो सातवीत गेला तरी), आणि एकीने मेलेल्या भावाचं नाव मुलाला ठेवलं होतं, तिला ते दर हाकेला लागायचं. हे शेवटचं तू जरा स्वतःला विचार. आजीला जाऊन किती दिवस झाले हे तू लिहिलं नाहीस. अजून जखम ओली असेल तर इंदू पाळण्यात ठेव आणि कागदावर दुसरं ठेव, आणि आजीची आठवण येऊन हसू येत असेल तर बिनधास्त कागदावर पण इंदूच. कंटाळा येईल का, तर पहिले काही महिने मधूनमधून येईल, नवीन चप्पल चावते तसं. मग ती चालायला लागली, बोलायला लागली की इंदू म्हटल्यावर तुला आजी दिसायची बंद होईल, गुडघे फुटलेली, फ्रॉकला चिखल लावून आलेली ही दिसेल, आणि तिच्या वयाचंच ते नाव वाटायला लागेल.

नणंदेला मात्र आधी फोन कर. पाळण्याशी नाव घ्यायचा मान आत्याचा, कानात कुर्र तीच करणार, आणि ऐनवेळी तिला इंदू कळलं तर ती कानात लिस्टमधलं पहिलं नाव सांगून मोकळी होईल, असं मी एका बारशात बघितलंय, पुढे दोन वर्षं दोन्ही घरांत बोलाचाली नव्हती. तिला म्हण, नाव आमचं, पण त्याच्या जोडीला तुझ्या लिस्टमधलं एक तू निवड, पाळण्यात दोन-तीन नावं घेतातच. आणि घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी रात्रीच भिजत घाला, सकाळी घातले तर दुपारपर्यंत शिजत नाहीत.